दगडखाणीच्या कड्यावर बिनतारी नजर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील दगडखाणींवर कड्याची हालचाल मोजणारी उपकरणे बसवताना खाणमालक, मुकादम, पोकलेन चालक आणि कधी कधी शेजारच्या रानाचे मालकही जे प्रश्न विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे आपल्याकडच्या उघड्या खाणी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली असून भूमिगत खाणींचा उल्लेख गरजेपुरताच केला आहे.

बिनतारी देखरेख म्हणजे नेमके काय?

खाणीच्या माथ्यावर, कड्याच्या अंगावर आणि मुरमाच्या ढिगाऱ्यावर बॅटरीवर चालणारी छोटी मापके बसवली जातात. ती ठरावीक वेळाने भेगेची रुंदी, खडकाचा कल किंवा जमिनीतील पाण्याची पातळी मोजतात आणि तो आकडा रेडिओ लहरींनी खाणीच्या काठावरील गेटवेकडे पाठवतात. गेटवे तो मोबाईलच्या सिमकार्डावरून सर्व्हरला पोहोचवतो, आणि ठरवलेली मर्यादा ओलांडली गेली की व्यवस्थापकाच्या फोनवर संदेश येतो व खाणीत भोंगा वाजतो. भोंगा वाजवण्याचे काम इंटरनेटवर न सोपवता गेटवेवरच ठेवावे, कारण पावसाळ्यात ज्या रात्री त्याची खरी गरज असते, नेमक्या त्याच रात्री मोबाईलचे नेटवर्क गेलेले असते.

हे तंत्र मोठ्या कोळसा खाणींचे आहे. आमच्या खडीच्या खाणीला त्याची काय गरज?

मोठ्या खाणींत कड्याची हालचाल टिपायला रडार वापरतात आणि ते आपल्याकडे कोणाला परवडणारे नाही, हे खरे आहे. पण हालचाल मोजण्याला किती महत्त्व आहे, ते दोन उदाहरणांवरून पाहू. अमेरिकेतील युटा राज्यातल्या बिंगहॅम कॅनियन या तांब्याच्या खाणीत १० एप्रिल २०१३ रोजी डोंगराची प्रचंड बाजू खाली आली, तेव्हा हालचाल आधीच मोजली जात असल्यामुळे खाण रिकामी केलेली होती आणि एकही माणूस दगावला नाही. त्याउलट झारखंडमधील ललमटिया येथे २९ डिसेंबर २०१६ रोजी कोळशाच्या उघड्या खाणीत ढिगारा कोसळून २३ कामगार गेले.

आपल्या खाणींचा आकार त्यांच्यापुढे काहीच नाही, पण लहान खाणीत माणूस कड्याच्या अधिक जवळ काम करतो. पायथ्याशी जॅकहॅमरने भोक मारणाऱ्याच्या डोक्यावर दहा-बारा मीटरचा कडा असतो आणि पळायला मागे हायवा ट्रकने अडवलेली एकच वाट असते. त्याच्यावर पडणारा दगड खोलीएवढा नसला, पेटीएवढा असला तरी पुरतो.

काळा पाषाण तर इतका टणक. मग कडा सुटतो कसा?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि त्याचे उत्तर सावकाश समजून घेण्यासारखे आहे. दख्खनचा खडक लांबून एकसंध दिसतो, परंतु तो लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या प्रवाहांनी बनलेला आहे. कोयना परिसरात गोठणे येथे संशोधनासाठी सुमारे तीन किलोमीटर खोल विवर खणले गेले, तेव्हा हे थर सव्वा किलोमीटरच्या आसपास जाडीचे निघाले. खाणीत आपण त्यांतले वरचे एक-दोन प्रवाहच कापत असतो, पण कोठे काय कापले आहे यावर सारे अवलंबून असते.

एखादा ताजा कापलेला कडा वरून खाली पाहावा. माथ्यावर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे अर्धवट कुजलेला खडक, आणि त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे दिसतात. त्याखाली घट्ट पाषाण लागतो, पण त्यातही उभे सांधे असतात आणि काही ठिकाणी ते इतके नियमित असतात की कडा खांब रचल्यासारखा वाटतो. दोन प्रवाहांच्या मध्ये पुष्कळदा गेरूसारखा तांबडा थर सापडतो, जो कोरडा असताना नखाने खरवडता येतो आणि भिजला की साबणासारखा होतो. उभे सांधे खडकाचे तुकडे करून ठेवतात, तांबडा थर त्या तुकड्यांना घसरायला जागा देतो, आणि पायथ्याचा दगड आपणच काढून नेतो.

यात पाण्याची भर पडते. माथ्यावर कड्यापासून दोन मीटर आत चार मीटर खोल भेग आहे आणि ती पावसाने काठोकाठ भरली, असे समजू. भेगेच्या तळाशी दर चौरस मीटरला चार टन दाब येतो आणि कड्याच्या प्रत्येक मीटर लांबीवर एकूण आठ टनांचा आडवा रेटा बसतो. भेग बोटभर रुंद असो की वीतभर, या रेट्यात फरक पडत नाही, कारण दाब ठरतो तो पाण्याच्या उंचीवरून. त्यामुळे ‘बारीक चीर आहे, काही होत नाही’ हे खाणीवर रोज ऐकू येणारे वाक्य मला सर्वांत धोक्याचे वाटते.

कोणते मापक कोठे बसवावे?

माथ्यावर भेग दिसत असेल तर पहिले मापक तिच्यावरच बसवावे. भेगेच्या दोन्ही बाजूंना खडकात किंवा सिमेंटच्या छोट्या ठोकळ्यात खुंट्या रोवून मध्ये सरकती दांडी लावतात, आणि ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचा फरक दाखवते. भेग नसेल, पण कडा खांबांसारख्या सांध्यांचा असेल, तर कलमापक उपयोगी पडते. सहा मीटर उंचीच्या खांबाचा कल अंशाच्या केवळ शंभराव्या भागाने बदलला, तरी त्याचे डोके सुमारे एक मिलिमीटर पुढे आलेले असते, आणि एवढा बदल चांगले कलमापक सहज पकडते. तांबडा थर किंवा झिरपा दिसत असेल तेथे वरून बोअर घेऊन पाण्याचा दाब मोजणारे मापक सोडावे. पर्जन्यमापक मात्र प्रत्येक खाणीवर असावा.

मापके किती लावावीत, यापेक्षा त्यांच्या जागा कोणी निवडल्या याला महत्त्व आहे. जागा निवडण्यापूर्वी खाणीवर सर्वांत जुन्या असलेल्या कामगाराबरोबर माथ्यावरून एक फेरी मारावी. कोणत्या बाजूने गेल्या पावसाळ्यात ढपल्या निघाल्या आणि कोठे पाझर फुटतो, हे त्याला नकाशाशिवाय सांगता येते.

तारेने जोडलेली मापके अधिक भरवशाची नाहीत का?

धरणात किंवा बोगद्यात असतीलही. खाणीचा कडा मात्र दर बाराला, म्हणजे सुरुंगाच्या प्रत्येक स्फोटाला, मागे सरकतो, आणि केबल एक तर उडालेल्या दगडाखाली येते किंवा पोकलेनच्या साखळीखाली. बिनतारी मापक बाराच्या आधी चार बोल्ट सैल करून उचलता येते आणि नव्या कडेला पुन्हा बसवता येते. मात्र जागा बदलली की जुनी नोंद तेथेच संपते आणि नव्या जागेची पायाभूत नोंद पुन्हा सुरू करावी लागते. हे विसरल्यामुळे आलेखात एका रात्रीत चाळीस मिलिमीटरची उडी दिसून घबराट झाल्याचे प्रसंग घडतात.

खड्ड्यात मोबाईलला रेंज नसते. मग आकडे बाहेर कसे येणार?

मापक मोबाईलच्या नेटवर्कवर चालत नाही. बहुतेक मापके लोरा पद्धतीचा रेडिओ वापरतात, ज्यासाठी भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा परवानामुक्त पट्टा उपलब्ध आहे. एका वेळी अगदी थोडी माहिती आणि तीही संथ गतीने पाठवल्यामुळे हा रेडिओ कमी विजेत लांब पोहोचतो. मध्ये काही आडवे नसेल तर काही किलोमीटर जातो. खाणीत कड्याचा कोपरा आडवा आला की अंतर पुष्कळ घटते. म्हणून गेटवे खाणीच्या तळाशी असलेल्या ऑफिसच्या पत्र्यावर न लावता समोरच्या काठावर खांब उभारून लावावा, जेथून सगळी मापके दिसतात आणि मोबाईलची रेंजही मिळते.

भूमिगत खाणीत हे असे चालत नाही. रेडिओ लहर खडकातून जात नाही, ती बोगद्याच्या पोकळीतूनच पुढे सरकते, त्यामुळे तेथे एका मापकाने दुसऱ्याकडे आकडा सोपवत नेण्याची साखळी करावी लागते. कोळशाच्या खाणीत याशिवाय वायूचा भडका उडणार नाही अशी प्रमाणित यंत्रेच वापरता येतात.

सुरुंग भरताना रेडिओ चालू ठेवणे धोक्याचे नाही का?

प्रश्न अगदी योग्य आहे. विद्युत डिटोनेटरच्या, म्हणजे सुरुंग पेटवणाऱ्या नळीच्या, तारा अँटेनासारखे काम करू शकतात आणि जवळच्या प्रबळ रेडिओमुळे त्यांत प्रवाह निर्माण होऊ शकतो. मापकाच्या रेडिओची शक्ती फार कमी असते, हातातल्या मोबाईलपेक्षाही साधारणपणे कमी, तरीही भरलेल्या भोकांच्या शेजारी कोणतेही प्रक्षेपण करणारे यंत्र असू नये, हाच नियम पाळावा. शॉक ट्यूबच्या, म्हणजे विजेच्या तारेऐवजी पोकळ नळीतून पेटणाऱ्या, डिटोनेटरला रेडिओचा असा धोका नसतो. कोणत्याही प्रकारात सुरक्षित अंतर किती, हे डिटोनेटर बनवणाऱ्याच्या लेखी सूचनेवरून आणि सुरुंग उडवणाऱ्या ब्लास्टरच्या संमतीने ठरवावे. ते आमच्यासारख्या यंत्र बसवणाऱ्याने तोंडी सांगायचे नसते.

आकडे आले, पण त्यांवरून कडा कधी पडेल हे कसे कळते?

एकूण किती मिलिमीटर सरकले यापेक्षा सरकण्याचा वेग वाढतो आहे का, हे पाहावे. बाराच्या दुसऱ्या दिवशी कडा दोन मिलिमीटर हलतो आणि मग शांत होतो, हे सैल झालेला खडक बसत असल्याचे लक्षण असते. वेग रोज वाढत असेल तर गोष्ट वेगळी. अशा वेळी फुकुझोनो या जपानी संशोधकाने १९८५ मध्ये मांडलेली उलट्या वेगाची पद्धत वापरतात, आणि ती वहीच्या कागदावरही करता येते.

समजा, भेग सोमवारी दिवसाला २ मिलिमीटर, मंगळवारी २.५, बुधवारी ३.३ आणि गुरुवारी ५ मिलिमीटर या वेगाने उघडली. एकला या प्रत्येक वेगाने भागले तर ०.५, ०.४, ०.३ आणि ०.२ हे आकडे मिळतात. आलेखावर ते जवळजवळ सरळ रेषेत खाली उतरताना दिसतात, आणि ती रेषा पट्टी लावून पुढे ओढली की शनिवारी शून्याला टेकते. शून्य म्हणजे वेगाला मर्यादा राहिली नाही, म्हणजेच कडा गेला. याचा अर्थ शुक्रवारी दुपारपर्यंत काम चालू ठेवावे असा कोणी घेऊ नये. रेषा सरळ उतरते आहे हे बुधवारी दिसले, की बुधवारीच त्या कड्याखालची माणसे काढावीत, कारण मध्ये एक जोराचा पाऊस झाला तर शनिवारचा गुरुवार होतो.

सगळ्या खाणींना लागू पडेल अशी एकच मर्यादा सांगा ना.

तशी मर्यादा नाही. मुरमाचा कडा कित्येक सेंटिमीटर सरकून मग ढासळतो, तर घट्ट पाषाणाचा खांब काही मिलिमीटरमध्येच निखळतो. पहिले तीन-चार आठवडे फक्त नोंदी घ्याव्यात, त्या खाणीची रोजची हालचाल कळू द्यावी आणि मग दोन पायऱ्या ठरवाव्यात: पहिलीला व्यवस्थापकाने स्वतः जाऊन पाहणे आणि दुसरीला माणसे बाहेर काढणे.

खोटे भोंगे वाजतात, अशी तक्रार ऐकली आहे. ती खरी आहे का?

खरी आहे, आणि त्यातला एक प्रसंग आमच्याच चुकीचा आहे. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका खाणीवर आम्ही फेब्रुवारीत दीड मीटर लांबीच्या पोलादी दांडीचे भेगमापक बसवले आणि चोवीस तासांत अर्धा मिलिमीटर फरक पडला तर भोंगा, अशी मर्यादा ठेवली. पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे बारा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढते. पहाटे पंधरा अंशांवर असलेली ती दांडी दुपारच्या उन्हात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापत होती, म्हणजे केवळ उन्हामुळेच तिच्या लांबीत अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक फरक पडत होता. भेग जागच्या जागी होती आणि भोंगा रोज साडेतीनच्या सुमारास वाजत होता. पहिले चार दिवस माणसे पळाली, पाचव्या दिवशी हसली, आणि पुढच्या आठवड्यात कोणीतरी भोंग्याची वायर काढून ठेवली. ती काढणाऱ्याला मी दोष देत नाही.

मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात त्याच भेगेपुढची एक लादी रात्री खाली आली. पोकलेनचा बूम, म्हणजे लांब हात, वाकला. माणसे नव्हती म्हणून बाकी काही झाले नाही. नंतर नोंद उघडून पाहिली, तर उन्हाच्या रोजच्या चढउताराखाली भेगेची खरी वाढ आठ दिवसांपासून स्पष्ट दिसत होती. तेव्हापासून प्रत्येक भेगमापकाबरोबर तापमानाची नोंद घेतो, दांडीवर पांढऱ्या पत्र्याची सावली करतो आणि पहाटे पाचच्या आकड्याची तुलना पहाटे पाचच्याच आकड्याशी करतो.

कोयनेच्या भूकंपाच्या धक्क्याने भोंगा वाजेल का?

पाटण आणि कराड तालुक्यांत हा प्रश्न हमखास येतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप त्या भागात अजूनही घराघरांत बोलला जातो, आणि लहान धक्के त्यानंतरही जाणवत आले आहेत. लहान धक्का काही सेकंदांत येतो आणि जातो, तर कलमापक बहुधा पाच-दहा मिनिटांतून एकदा मोजते, त्यामुळे तो सहसा नोंदीत उतरतही नाही. धक्का जाणवला असेल तर भोंगा वाजो न वाजो, माथ्यावर जाऊन भेगा पाहाव्यात आणि आधीचे व नंतरचे आकडे ताडून पाहावेत.

शेजारच्या घरांना बाराचे हादरे बसतात. ही यंत्रे ते मोजतात का?

नाही, त्यासाठी कंपनमापक वेगळे असते. खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ मध्ये ठरवलेल्या मर्यादेनुसार, खाणमालकाच्या नसलेल्या साध्या घरांजवळ कंपनाचा वेग वारंवारता ८ हर्ट्‌झपेक्षा कमी असल्यास सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्‌झला १० आणि त्याहून अधिक वारंवारतेला १५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा.

पाऊस किती झाला की सावध व्हावे?

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जत, आटपाडी, माण या बाजूला त्याचा दहावा भागही कसाबसा होतो, त्यामुळे दोन्हीकडे एकच आकडा लावणे चुकीचे ठरेल. पश्चिमेकडे सतत भिजल्यामुळे खडकातील पाण्याची पातळी आठवड्यांमागून आठवडे चढत जाते आणि तेथे दाबमापकाकडे पाहावे लागते. पूर्वेकडे एकाच संध्याकाळी कोसळणारा वळीव उन्हाळाभर कोरड्या राहिलेल्या भेगांत एकदम उतरतो. दोन्हीकडे माथ्यावर कड्यापासून मागे एक चर खणून पाणी बाहेर वळवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो केल्याशिवाय यंत्रे विकत घेऊ नयेत असे आम्ही सांगतो.

कायद्याने हे बंधनकारक आहे का?

लहान दगडखाणीला बिनतारी मापके लावाच, असे कोठे म्हटलेले नाही. कडा कसा ठेवावा, हे मात्र १९६१ च्या धातू खाण विनियमांत स्पष्ट आहे. मुरूम आणि माती ४५ अंशांपेक्षा अधिक उभी कापू नये, किंवा दीड मीटरपेक्षा उंच नसलेले आणि उंचीइतके तरी रुंद असलेले टप्पे पाडावेत. घट्ट खडकात टप्प्याची उंची सहा मीटरपेक्षा जास्त नसावी. खालून पोखरून वरचा भाग लोंबता ठेवण्यास मनाई आहे.

‘आमची खाण लहान आहे, आम्हाला खाण कायदा लागत नाही’ असेही ऐकायला मिळते. १९५२ च्या खाण अधिनियमातील सूट खोली कोठेही सहा मीटरपेक्षा जास्त नसेल, एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसे नसतील आणि स्फोटके वापरली जात नसतील, तरच मिळत होती, आणि या तिन्ही अटी एकत्र पाळाव्या लागत. बार उडवणाऱ्या खाणीने अशा सवलतीचा विचारच करू नये. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या संहितेने कामगार सुरक्षेचे कायदे एकत्र आणले असल्यामुळे आजचे कलम कोणते, हे आपल्या खाण व्यवस्थापकाकडून तपासून घ्यावे.

बॅटरी, चोरी, वीज पडणे, यांचे काय?

मापकातील लिथियमची बॅटरी मोजण्याच्या वेळा विरळ ठेवल्यास काही वर्षे टिकते. चोरीला जाते ती गेटवेची सोलर प्लेट, म्हणून खांब उंच घ्यावा आणि प्लेटचे बोल्ट वेल्ड करावेत. घाटाच्या बाजूला वानरे अँटेना वाकवतात. वळवाच्या दिवसांत काठावरचा उंच खांब विजेला आमंत्रणच देतो, तेव्हा अर्थिंगमध्ये काटकसर करू नये.

एवढा खर्च झेपत नसेल तर?

तर भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा सिमेंटमध्ये रोवून दोहोंमधील अंतर रोज सकाळी कामाच्या आधी एकाच माणसाने, एकाच पट्टीने मोजावे आणि तारखेसह वहीत लिहावे. भेगेवर आडवी प्लास्टरची पातळ पट्टी ओढून ठेवली, तर ती तडकल्याचे लांबूनही दिसते. रात्री आणि पावसात ही पद्धत उपयोगाची नाही, हा तिचा मोठा उणेपणा आहे. परंतु रोज भरलेली वही ही कोणी न पाहिलेल्या डॅशबोर्डपेक्षा चांगली.

प्रत्येक दगडाची आधी सूचना मिळेल का?

नाही. मुरमातून सुटणारा एकटा धोंडा कोणतीही सूचना न देता येतो. त्यासाठी बारानंतर सुटे दगड पोकलेनने खाली ओढणे, माथा साफ ठेवणे आणि हेल्मेट हेच उपाय आहेत.

हीच यंत्रे दरडीखालच्या गावांना लावता येतील का?

जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्यापासून ही विचारणा वाढली आहे. यंत्रे तीच असतात, पण काम फार अवघड असते. खाणीत धोक्याचा कडा कोणता हे माहीत असते आणि भोंगा वाजल्यावर वीस माणसे दोन मिनिटांत बाहेर पडतात. डोंगरावर कोणता उतार सुटेल हे आधी ओळखावे लागते, आणि भर पावसात, अंधारात, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह अख्खी वाडी हलवावी लागते. तेथे भूशास्त्रज्ञांच्या पाहणीशिवाय मापके लावून लोकांना निर्धास्त करू नये.

भोंगा वाजल्यावर काय करायचे, आणि पुन्हा आत जायला कोणी सांगायचे?

यंत्रे जागेवर सोडून माणसांनी ठरलेल्या वाटेने बाहेर पडायचे आणि मुकादमाने हजेरीच्या वहीवरून डोकी मोजायची. पोकलेन बाहेर काढण्याच्या नादात चालक मागे राहतो, म्हणून ‘मशीन राहू द्या’ हे मालकाने स्वतः, सर्वांसमोर, आधीच सांगून ठेवलेले असले पाहिजे. काम थांबवण्याचा अधिकार खाणीतील प्रत्येकाला असावा आणि ते सुरू करण्याचा फक्त व्यवस्थापकाला, तोही माथा डोळ्यांनी पाहून आल्यावर आणि वहीत वेळ घालून सही केल्यावर. वजनकाट्यावर गाड्या थांबल्या आहेत म्हणून दिवाणजींनी फोन केला, तर त्यांना त्या वहीचे पान दाखवावे.